हृदयाची लय बिघडते तेव्हा: कलौंजी, कॅप्सूल, आहार आणि रक्त पातळ करणारी गोळी

लोणखेडा (ता. शहादा) : "छातीत फडफड होते", "नाडी उड्या मारते", "दोन पायऱ्या चढलं की जीव घाबरा होतो". साठी ओलांडलेल्या वालिद-वालिदांकडून ही तक्रार बऱ्याच घरांत ऐकू येते. शहाद्याला किंवा नंदुरबारला नेऊन ईसीजी काढला की डॉक्टर कागदावर 'एएफ' असं लिहून देतात. त्याचं पूर्ण नाव एट्रियल फिब्रिलेशन. घरी आल्यावर मग मोबाईलवर सल्ले सुरू होतात. कोणी मॅग्नेशियम सांगतं, कोणी माशाच्या तेलाची कॅप्सूल, कोणी कलौंजीचं तेल, कोणी हिजामा. या गर्दीत खरी गोळी मागे पडते, आणि तिथेच नुकसान होतं. म्हणून लोणखेडा-शहादा परिसरातल्या घरांना समोर ठेवून आम्ही ही माहिती एका जागी देत आहोत.

एएफ म्हणजे नेमकं काय?

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन कप्पे आकुंचन पावून रक्त खाली ढकलतात. एएफमध्ये हे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे नाडी अनियमित होते. कधी दोन ठोके जवळजवळ पडतात, कधी मध्येच मोठं अंतर पडतं. काहींमध्ये हा त्रास येतो आणि जातो, काहींमध्ये कायम राहतो. काहींना तर काहीच जाणवत नाही.

खरा धोका धडधडीचा नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं आणि त्याची गुठळी बनते. ती सुटून मेंदूकडे गेली की फालिज, म्हणजे लकवा होतो. एएफ असणाऱ्याला हा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो. धडधड थांबली म्हणजे धोका टळला, असं समजू नये.

आपल्याकडे हा आजार कोणाला होतो?

वय, हाय बीपी, शुगर, जास्त वजन, थायरॉईडचा बिघाड, झोपेत श्वास अडकणं, जुना हृदयविकार आणि दारू ही मुख्य कारणं. आपल्या सीमेपलीकडच्या गुजरातमध्ये, आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत एक पाहणी झाली. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी मोबाईलला जोडलेल्या छोट्या यंत्राने 50 वर्षांवरच्या सुमारे दोन हजार लोकांची तपासणी केली. त्यात 1.6 टक्के लोकांना एएफ निघाला. म्हणजे हा फक्त शहरातला आजार नाही.

भारतात आणखी एक कारण मोठं आहे. लहानपणी घसा दुखून येणारा रुमॅटिक फीवर हृदयाची झडप खराब करतो. भारतातल्या 1537 एएफ रुग्णांच्या एका नोंदणीत जवळपास निम्म्या लोकांना असा झडपेचा आजार होता, आणि रुग्णांचं सरासरी वय 55 च्या आत होतं. त्यामुळे तरुण सुनेला किंवा मुलीला दम लागत असेल, तर "कमजोरी आहे" म्हणून टॉनिक देत बसू नका. ईसीजी आणि टू-डी इको करून घ्या.

नाडी घरी कशी बघायची?

पाच मिनिटं शांत बसा. हाताच्या अंगठ्याच्या खाली, मनगटावर तीन बोटं ठेवा. पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. आकडा तर लिहाच, पण ठोके घड्याळासारखे सारखे पडतात का, हे जास्त महत्त्वाचं आहे. ठोके वेडेवाकडे वाटले तर ईसीजी काढा, कारण नुसत्या नाडीवरून निदान होत नाही. घरचं बीपीचं मशीन अनियमित ठोक्याची खूण दाखवत असेल तर तीही डॉक्टरांना सांगा.

सगळ्यात आधी फालिज टाळणं

एएफच्या इलाजात दोन वेगळी कामं असतात. एक, हृदयाचा वेग किंवा लय सांभाळणं. दुसरं, गुठळी होऊ न देणं. दुसरं काम रक्त पातळ करणारी गोळी करते. ती प्रत्येकालाच लागते असं नाही. वय, बीपी, शुगर, आधी झालेला फालिज, हार्ट फेल्युअर अशा गोष्टींचे गुण मोजून डॉक्टर ठरवतात.

- वॉर्फरिन आणि एसिनोकुमारॉल : जुन्या आणि स्वस्त गोळ्या. वॉर्फरिनने फालिजचा धोका सुमारे दोन तृतीयांश कमी होतो. पण आयएनआर ही रक्ताची तपासणी नियमित करावी लागते. बहुतेकांमध्ये आकडा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात.
- एपिक्सबान, रिव्हारोक्सबान, डॅबिगॅट्रान : नव्या गोळ्या. यांना आयएनआर लागत नाही, पण किडनीची तपासणी अधूनमधून लागते.
- रुमॅटिक आजाराने मायट्रल झडप आकसली असेल तर : जुनीच गोळी योग्य. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातले रुग्णही असलेल्या मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांना नव्या रिव्हारोक्सबानपेक्षा जुन्या प्रकारच्या गोळीने जास्त फायदा झाला. शेजाऱ्याची गोळी बघून आपली बदलू नका.
- एस्पिरिन : "इकोस्प्रिन चालू आहे ना, मग झालं" हा गैरसमज आहे. एएफमधल्या गुठळीसाठी ती पुरेशी नाही. 2011 च्या एका मोठ्या अभ्यासात एपिक्सबानने एस्पिरिनच्या तुलनेत फालिजचं प्रमाण निम्म्याहून खाली आणलं.

गर्भ राहण्याचा विचार असलेल्या बहिणींनी वॉर्फरिन चालू असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावं. बाळाला त्याचा धोका असतो.

सप्लिमेंटच्या कॅप्सूल: काय खरं, काय नाही

*माशाचं तेल, ओमेगा-3.* हृदयासाठी चांगलं म्हणून हे सर्रास विकलं जातं. पण 2021 मध्ये सात अभ्यासांतल्या 81 हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये एएफचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत ही वाढ 49 टक्के होती. जेवणात मासे खायला हरकत नाही. एएफ असेल तर कॅप्सूल मात्र स्वतःहून घेऊ नये.

*व्हिटॅमिन डी.* 25 हजार लोकांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात व्हिटॅमिन डीने एएफ टळला नाही. रक्तात कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या, हृदयाच्या लयीसाठी नाही.

*मॅग्नेशियम आणि पोटॅशियम.* ही रक्तात कमी झाली तर ठोके बिघडू शकतात. लघवी जास्त होण्याची गोळी घेणाऱ्यांत असं होतं. म्हणून आधी तपासणी, मग गोळी. किडनी कमजोर असताना पोटॅशियम वाढलं तर हृदय बंदही पडू शकतं. आपल्या भागात केळी भरपूर आहेत. किडनी ठीक असेल तर रोज एखादं केळं चांगलंच. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून खा.

कलौंजी, हळद, लसूण आणि हिजामा

कलौंजीबद्दल आपल्या मनात अकीदत आहे, आणि जेवणात चिमूटभर कलौंजीला कोणी मनाई करत नाही. प्रश्न चमचाभर तेल रोज पिण्याचा आणि त्यासाठी गोळी सोडण्याचा आहे. कलौंजीच्या तेलाने एएफ बरा होतो किंवा गुठळी टळते, हे सिद्ध झालेलं नाही. उलट रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत रक्तस्राव वाढण्याची शक्यता धरावी लागते.

हळद आणि लसणाचंही तसंच. भाजीतली हळद, फोडणीतला लसूण चालतो. पण कॅप्सूलमध्ये मात्रा खूप जास्त असते. 2018 मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने एका वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णाची नोंद जाहीर केली होती. हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर त्याचा आयएनआर 10 च्या वर गेला होता. एवढ्या आकड्यावर शरीरात कुठेही रक्तस्राव होऊ शकतो.

जेष्ठमध खोकल्यासाठी एखाद्या दिवशी ठीक आहे. रोज घेतल्यास बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं. एएफमध्ये ही दोन्ही वाईट.

हिजामाबद्दल स्पष्ट सांगतो. त्यात त्वचेवर छेद देऊन रक्त काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना ते रक्त लवकर थांबत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिजामा करू नका, आणि हिजामासाठी गोळी स्वतःहून बंद तर मुळीच करू नका. दात काढायचा असला, अंगदुखीवर कमरेत इंजेक्शन घ्यायचं असलं, तरी आधी गोळीचं नाव सांगा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर आणू नका. त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

इलाज करणं हे तवक्कुलच्या विरोधात नाही. दुआही करा, दवाही घ्या.

ताटात काय असावं?

- मीठ : दिवसभरात सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. आपल्याकडे खरं मीठ भाजीत कमी आणि पापड, लोणचं, शेव, फरसाणात जास्त असतं. शेवभाजी रोजची न करता कधीतरीची ठेवा. मीठ कमी झालं की बीपी उतरतं, आणि बीपी हे एएफचं मोठं कारण आहे.
- पालेभाज्या : वॉर्फरिन किंवा एसिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर बंद करायची नाही. त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा असर कमी होतो, म्हणून प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं. आठवडाभर काहीच नाही आणि मग तीन दिवस मेथीच मेथी, असं झालं की आयएनआर हलतो. नव्या गोळ्यांना हे पथ्य नाही.
- गोश्त : बकरी ईदला आठ-आठ दिवस तेच चालतं. चरबी काढून, कमी तेलात, सोबत भाजी-कोशिंबीर घेऊन खा. पोट तट्ट भरलं की काहींना धडधड सुरू होते.
- मिरची : नंदुरबारची मिरची एएफ करत नाही. पण ॲसिडिटीने छातीत जळजळ आणि धडधड वाढत असेल तर हात आखडता घ्या.
- चहा : दिवसाला दोन-तीन कप चहाने एएफ होतो असं दिसलेलं नाही. साखर मात्र मोजा. एनर्जी ड्रिंक टाळा.
- तंबाखू, विडी, मिश्री, गुटखा : पूर्ण बंद.

वजन आणि झोप

एखाद्या कॅप्सूलपेक्षा वजन उतरवण्याचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये एएफ असलेल्या 355 जाड लोकांचा अभ्यास झाला. ज्यांनी 10 टक्के किंवा जास्त वजन कमी केलं आणि टिकवलं, त्यांची लय नीट राहण्याची शक्यता सहापट होती. 80 किलोच्या माणसाने 8 किलो, एवढीच ही गोष्ट आहे. मशिदीत पायी जा, शेतापर्यंत चाला. आठवड्यात पाच दिवस अर्धा तास पुरे. दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा पेंग येणं ही झोपेत श्वास अडकण्याची लक्षणं आहेत. त्याचा इलाज केला नाही तर एएफ पुन्हा पुन्हा येतो.

ताण कमी कसा करायचा?

उसाचं पेमेंट, केळीचा भाव, मुलीचं लग्न, कर्जाचा हप्ता. हे ताण खरे आहेत आणि "टेन्शन घेऊ नका" म्हटल्याने ते जात नाहीत. पण शरीराला शांत करता येतं. अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 49 जणांनी तीन महिने, आठवड्यातून दोनदा श्वासाचा आणि शरीराचा व्यायाम केला. त्रास देणाऱ्या झटक्यांची सरासरी 3.8 वरून 2.1 वर आली. त्यांच्या गोळ्या चालूच होत्या, हे लक्षात ठेवा.

घरी एवढं करा: फज्र किंवा इशानंतर दहा मिनिटं शांत बसून सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. झोपण्याआधी मोबाईल बाजूला ठेवा. पैशाची चिंता एकट्याने न वाहता घरात बोला.

रमजानमध्ये गोळ्या

रोजा ठेवायचा की नाही, हे रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारा. दिवसाला एकदा घेण्याची वॉर्फरिन इफ्तारनंतर ठरलेल्या वेळी घेता येते. रिव्हारोक्सबान जेवणासोबतच घ्यायची असते, त्यामुळे इफ्तारचं जेवण योग्य. एपिक्सबान आणि डॅबिगॅट्रान दोन वेळा लागतात. सेहरी आणि इफ्तारला चालेल का, ते डॉक्टर सांगतील. पण एक वेळची गोळी गाळायची नाही. हार्ट फेल्युअर, किडनीचा आजार, नुकतंच ॲडमिट झालेले किंवा ठोके काबूत नसलेले, अशांसाठी उपवास आणि पाणी कमी पडणं धोक्याचं ठरू शकतं. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे. ती कशी वापरायची, हे आपल्या आलिमांना विचारा.

वेळ न घालवता 108 ला फोन करा

चेहरा एका बाजूला वाकडा होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं ही फालिजची लक्षणं आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि लोणखेड्याहून मोठ्या दवाखान्यात पोहोचायलाही वेळ जातो. कबुतराच्या रक्ताची मालिश, तेल लावणं, तोंडात पाणी-औषध घालणं यात एक मिनिटही घालवू नका. लक्षणं किती वाजता सुरू झाली आणि रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, ते डॉक्टरांना सांगा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, खूप दम लागणं, काळी शौच किंवा न थांबणारं रक्त, यातही थांबू नका.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना

एका चिठ्ठीवर सगळं लिहून न्या: चालू गोळ्या, आयएनआरचे जुने आकडे, घरी मोजलेली नाडी आणि बीपी, आणि घेत असलेलं प्रत्येक तेल, चूर्ण, कॅप्सूल. लाजू नका, लपवू नका. डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा: माझ्या झडपा कशा आहेत? मला फालिजचा धोका किती? रक्त पातळ करणारी गोळी हवी का आणि कोणती? थायरॉईड तपासलं का? गोळी महाग पडत असेल तर तेही सांगा, स्वस्त पर्याय निघू शकतो. परवडत नाही म्हणून गुपचूप बंद केलेली गोळी घराला सगळ्यात महागात पडते.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो.