झोपलेला संगणक उठताना का कोसळतो?

सुरगाण्यासारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवणारा ऑपरेटर नवा संगणक मांडला की आधी एक काम उरकून घेतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जायचं आणि ‘स्लीप’समोर ‘नेव्हर’ करून टाकायचं. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं : झोपू दिला तर उठत नाही. बाऱ्ह्याहून नाहीतर उंबरठाणहून जीपने आलेला माणूस जातीच्या दाखल्यासाठी समोर बसलेला असतो. माऊस हलवला की आतला पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. नाहीतर अंगठ्याचं मशीन सापडत नाही, किंवा निळा पडदा येतो आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो.

लोक याला व्हायरस म्हणतात. दरवेळी फॉरमॅट मारून देणाऱ्याचं त्यावर बरं भागतं. पण बहुतेक वेळा व्हायरसचा यात संबंध नसतो. दुखणं पिढीजात आहे, आणि त्याचं कुळ पाहिल्याशिवाय कुठला इलाज कुठे लागू पडेल हे कळत नाही.

झोप ही मुळात टेबलावरच्या संगणकाची गरजच नव्हती. ती बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रासाठी आली. १९९० मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी ३८६एसएल हा प्रोसेसर काढला. त्यात एक चोरदरवाजा होता : बोर्डावरचा बायॉस ऑपरेटिंग सिस्टीमच्या नकळत मध्येच ताबा घेई, वीज वाचवी आणि ताबा परत करी. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाचा करार ठरवला, तोही बायॉसच्याच भरवशावर. म्हणजे झोपवणारा एक आणि उठल्यावर काम करणारा दुसरा. मधल्या वेळात काय झालं याचा दुसऱ्याला पत्ता नसायचा. उठल्यावर घड्याळ मागे पडलेलं असणं ही त्या काळची नेहमीची तक्रार.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने एनर्जी स्टार योजना आणली. रिकामा बसलेला संगणक ३० वॉटच्या आत आला तर त्याला ते चिन्ह मिळे. १९९३ मध्ये तिथल्या सरकारी कचेऱ्यांना असेच संगणक घ्यायचा आदेश निघाला आणि लॅपटॉपची झोप टेबलावर येऊन बसली. पुढे १९९५ च्या एटीएक्स रचनेत पॉवर सप्लायला एक जांभळी वायर आली. संगणक बंद दिसत असला तरी या वायरीतून पाच व्होल्ट सतत चालू असतात. झोपेत मेमरी जिवंत राहते ती त्यांच्यावर. एसएमपीएस जुना झाला आणि ही लाइन कमजोर पडली, तर दिवसभर नीट चालणारं मशीन नेमकं उठतानाच अडतं. मीटर लावून ही वायर तपासणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नये.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय आणलं आणि कारभार उलटा झाला. आता झोपवणं-उठवणं ऑपरेटिंग सिस्टीमकडे आलं. बोर्ड बनवणाऱ्याने फक्त तक्ते लिहून द्यायचे, कुठल्या भागाला कसं निजवायचं याचे. गाढ झोपेत, म्हणजे एस-३ मध्ये, प्रोसेसरची वीज पूर्ण तुटते. उठताना ग्राफिक्स, वायफाय, यूएसबी या प्रत्येकाच्या ड्रायव्हरला आपापलं यंत्र नव्याने सुरू करावं लागतं. वऱ्हाडाच्या गाडीत एक पाहुणा उठला नाही की सगळे खोळंबतात, तसं एक ड्रायव्हर अडला की सगळी सिस्टीम थांबते. विंडोज ठराविक वेळ वाट पाहतं आणि ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असं लिहून निळा पडदा टाकतं.

ते तक्ते बोर्ड कंपन्यांनी लिहिले, पण तपासून पाहिले बहुधा विंडोजवरच. जानेवारी १९९९ च्या एका ईमेलमध्ये बिल गेट्सने एसीपीआयचा हा भाग विंडोजपुरता करता येईल का, असा विचार बोलून दाखवला होता. ते पत्र पुढे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. लिनक्स वापरणाऱ्यांनी झोपेच्या नावाने इतकी वर्षं बोटं का मोडली, याचं थोडं उत्तर तिथे आहे.

आपल्याकडे ही झोप पोचली ती एक्सपीबरोबर. एक्सपी २००१ चं, आणि एमएस-सीआयटी शिकवणाऱ्या एमकेसीएलची स्थापनाही त्याच वर्षीची. बंद करायच्या चौकटीत तीन बटणं : पिवळं ‘स्टँड बाय’, लाल ‘टर्न ऑफ’, हिरवं ‘रीस्टार्ट’. शिफ्ट दाबून धरलं की पिवळ्याचं ‘हायबरनेट’ व्हायचं. कोर्स केलेल्यांनी लाल तेवढं पाठ केलं, पिवळ्याच्या वाटेला फारसं कोणी गेलं नाही. एका अर्थी शहाणपणच ते. स्टँड बायमध्ये सगळं काम मेमरीत असतं आणि वीज गेली की ते जातं. सुरगाण्याच्या पावसाळ्यात वीज जाणं ही काही बातमी नव्हे. २००७ च्या विस्टाने यावर तोड काढली : झोपताना मेमरीची एक प्रत हार्ड डिस्कवरही ठेवायची. कल्पना चांगली, पण आता उठण्याच्या वाटा दोन झाल्या.

२०१२ च्या विंडोज ८ ने आणखी एक घोळ घातला, ‘फास्ट स्टार्टअप’चा. तेव्हापासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं नव्हे. ड्रायव्हरांसकट सिस्टीमचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर अडकलेल्या स्थितीतच परत येतो. म्हणून रात्री शट डाउन केलेलं मशीन सकाळी तेच रडगाणं गातं आणि रीस्टार्ट केलं की सुतासारखं सरळ येतं, कारण रीस्टार्टमध्ये गाभा नव्याने चढतो. ज्याला असा अनुभव येतो, त्याने फास्ट स्टार्टअप बंद करून पाहावं, फॉरमॅट नंतर. मशीन झोपेतून उठताना अंगठ्याचं मशीन गायब होत असेल, तर यूएसबीचं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावं. पडदाच काळा राहत असेल, तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर आणि मग बायॉस अद्ययावत करावा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. सिस्टीम नीट बंद झाली नव्हती, एवढंच ते सांगतं. कारण शोधायचं ते त्याच्या वरच्या-खालच्या ओळींत.

नव्या लॅपटॉपांत तर एस-३ ची ती गाढ झोप बऱ्याचदा नसतेच. तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतो. यंत्र झोपेत अर्धवट जागं राहतं, अपडेट घेतं, पिशवीत तापतं. आपल्या मशीनला कोणती झोप येते हे पाहायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी स्लॅश ए’ द्यावं. यादीत एस-३ असेल तर जांभळ्या वायरीपासून सुरुवात करावी. नसेल तर वायफायचा ड्रायव्हर आधी पाहावा.