हळदीचा दाखला

बचत गटाची वही म्हटली की हप्ता आणि कर्जच आठवतं. आज आम्ही वेगळ्या वहीबद्दल बोलणार आहोत.

बोट कापलं की हळद दाबायची, हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तरीही १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. पेटंट म्हणजे त्या वापरावरचा हक्क. १९९६ मध्ये आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं हरकत घेतली. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे प्रमुख होते. ‘आमच्या आज्या हेच करत आल्या’ एवढं सांगून भागणार नव्हतं, लेखी पुरावा हवा होता. परिषदेनं जुन्या ग्रंथांसह ३२ दाखले दिले. त्यात १९५३ सालचा एक वैद्यकीय लेखही होता. १९९७ मध्ये तो दावा फेटाळला गेला. पुढे २००१ मध्ये असं पारंपरिक ज्ञान संगणकावर नोंदवण्याचं सरकारी काम सुरू झालं.

पण त्या नोंदी मुख्यतः ग्रंथांवरून होतात. उत्तन, राई, मुर्ध्याच्या आज्या किंवा कोकणातून, घाटावरून भाईंदरला आलेल्या सासवा जे तोंडी सांगतात, ते कोण लिहिणार? आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात शाळेतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून गावठी उपाय वह्यांत उतरवले. त्या वह्या आजही जपलेल्या आहेत. मग आपण का नाही?

वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात ‘पूर्वी काय करायचे’, दुसऱ्यात ‘आज काय करायचं’. घसा धरला तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या: दोन्ही रकान्यांत. बाळगुटीत वेखंड, मुरडशेंग, जायफळाचे सहाणेवर किती वेढे, हे पहिल्यात जरूर लिहा. दुसऱ्यात लिहा, सहा महिने फक्त आईचं दूध. नाळेला राख किंवा हळद लावायची नाही, ती कोरडी ठेवायची. साप चावला तर मांत्रिक नाही, जखम कापणं नाही, तडक दवाखाना.

आजीचा मान राखायचा म्हणून तिचा प्रत्येक उपाय बाळावर करायलाच हवा असं नाही. आणि एखादा उपाय सोडला म्हणून तो विसरायलाही नको. पुढच्या बैठकीला पासबुकासोबत कोरी वही आणा. आजीला मात्र त्याआधीच विचारा.