अकोटची जीप आणि तिच्यामागून आलेली व्हॅन

अकोट तालुक्यात जीप मागे पडली आणि मारुतीची ईको व्हॅन आली, याचं कारण लोकांच्या हाती पैसा खेळू लागला, असं सर्रास सांगितलं जातं. हे कारण अपुरं आहे. गाडी बदलली ती रस्त्यामुळे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, आणि मधली काळी माती पावसात अशी फुगते की पांदणीत बैलगाडीही रुतते. महिंद्राने 1947 नंतर मुंबईत जोडायला घेतलेली विलिज जीप मुळात महायुद्धासाठी घडलेली. चारही चाकांना जोर, पोट जमिनीपासून उंच, खाली कमानीचे पाटे. इथल्या चिखलाला दुसरं काय पुरणार होतं?

रांगडी गाडी म्हणजे हौशी माणसाची, हा समज मात्र वऱ्हाडाला लागू पडत नाही. इथे जीप हीच कुटुंबाची गाडी होती. लग्नाची वऱ्हाडी मंडळी, दवाखान्यात न्यायचा रोगी, बाजाराला निघालेल्या बायका, सगळ्यांना तिनेच वाहिलं. पुढे काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावलेल्या महिंद्राच्या लांब कमांडरमध्ये समोरासमोर बाकं आली, आणि त्यांतल्या कितीतरी मागच्या दोनच चाकांवर चालत. मला हा पुरावा सर्वांत मोलाचा वाटतो. डांबर गावापर्यंत पोचू लागताच चार चाकांच्या जोरापेक्षा बसायची जागा महत्त्वाची ठरली. जीप आतूनच व्हॅन होत गेली. 1984 ची मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, अवघ्या 796 सीसीची. 2010 ची ईको पाच किंवा सात आसनांची. दोघींचाही जोर मागच्याच चाकांवर.

कोणी म्हणेल, जीपला लटकून केलेल्या प्रवासाला लोक विटले होते. खरंच आहे, त्या गर्दीचं कौतुक करवत नाही. पण ओम्नीतही चालकापुढे इंजिनाचं नाक नव्हतं. केवळ सुरक्षितता पाहिली असती तर ती इतकी खपली नसती. दुसरा आक्षेप रेल्वेचा. गेज बदलण्यासाठी 2017 मध्ये बंद झालेली अकोला–अकोट गाडी 2022 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. मधल्या काळात प्रवासी रस्त्यावर आले. त्याने गाड्यांची गरज वाढली, पण कोणती गाडी घ्यायची हे रेल्वेने ठरवलं नाही. सातपुड्यातल्या शहानूरच्या जंगलवाटांवर आजही चारही चाकांना जोर असलेली जिप्सीच लागते, आणि पावसाळ्यात पांदणीच्या तोंडाशी ईको थांबते. तेव्हा अकोटच्या मोटारींचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने आधी बांधकाम विभागाची जुनी दप्तरं उघडावीत.