शस्त्रपरवाना : दीड शतकाच्या अविश्वासाची कहाणी

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे जाटांचे गाव. आज ते बाह्य रिंग रोडला लागून असलेल्या दाट वस्तीत सामावून गेले आहे. शेजारी जवाहरलाल नेहरू विद्यापीठ असल्यामुळे विद्यार्थ्यांचा आणि स्पर्धापरीक्षा देणाऱ्यांचा तेथे सतत राबता असतो. महाराष्ट्रातील अनेक उमेदवारांनाही हा परिसर परिचयाचा आहे. 16 डिसेंबर 2012 च्या रात्री याच मुनिरक्याच्या बसथांब्यावरून एक तरुणी आणि तिचा मित्र एका खासगी बसमध्ये चढले. पुढे जे घडले ते देश विसरलेला नाही. न्यायमूर्ती वर्मा समिती आली, 2013 मध्ये फौजदारी कायदा बदलला. या साऱ्या घडामोडींत एक गोष्ट काहीशी मागे पडली. त्या घटनेनंतरच्या अवघ्या काही दिवसांत दिल्लीतील शेकडो महिलांनी बंदुकीच्या परवान्यासाठी पोलिसांकडे विचारणा केली होती.

शासकीय यंत्रणेने या मागणीला दिलेला प्रतिसादही विचार करण्याजोगा आहे. जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे 500 ग्रॅम, किंमत 1,22,360 रुपये. रात्री बसची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या मुलीला हे शस्त्र परवडेल काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न असा की, नागरिक शस्त्र मागू लागतो तेव्हा तो शासनाला नेमके काय सांगत असतो? त्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी निःशस्त्रीकरणाचे धोरण स्वीकारले आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, 1878 मध्ये, शस्त्र कायद्याने त्याला पक्के रूप दिले. हिंदी माणसाला परवाना आवश्यक, युरोपीयांना मात्र सूट, असा तो उघड वर्णभेदी कायदा होता. त्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती : सरकारचा प्रजेवर विश्वास नव्हता. ज्याच्या निष्ठेची खात्री असे त्यालाच परवाना मिळे. साहजिकच परवाना ही सरकारदरबारच्या मर्जीची खूण ठरली आणि घरातील भिंतीवरची बंदूक प्रतिष्ठेची वस्तू झाली. इंग्रज गेले, पण ही प्रतिष्ठा गेली नाही.

राष्ट्रीय चळवळीने या कायद्याचा सतत निषेध केला. काँग्रेसने 1887 च्या मद्रास अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी यांनीही 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांपैकी एक म्हणून नोंदवला. 1931 च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला गेला.

याच ठरावाचा आधार घेऊन डिसेंबर 1948 मध्ये हरि विष्णु कामत यांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली. कामत हे पूर्वाश्रमीचे आय.सी.एस. अधिकारी, 1938 मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले होते. परवान्याचा कारभार त्या सेवेच्या आतून पाहिलेला माणूस हा हक्क मागत होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारली नाही. परक्या सत्तेने निःशस्त्र केलेल्या समाजाची मागणी त्यांना समजत होती. पण देश स्वतंत्र झाल्यावर कोणीही बाजारात जाऊन हवी ती शस्त्रे विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. यामागचा अलिखित करार स्पष्ट आहे : नागरिकाने शस्त्राचा हक्क सोडावा आणि राज्याने त्याच्या संरक्षणाची हमी घ्यावी.

1959 चा शस्त्र कायदा या करारावर उभा आहे. तो मला बराच समतोल वाटतो. ठासणीची किंवा ठराविक लांबीच्या नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी हवी असेल आणि नकाराचे वैधानिक कारण नसेल, तर परवाना द्यावा, असे कलम 13 सांगते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नकार देऊ नये, असे कलम 14 बजावते. कोकणातील शेतकरी रानडुक्कर आणि वानरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक बाळगतो. ती कोयत्या-विळ्यासारखीच शेतीची अवजार असते. तिच्यात मिरवण्यासारखे काही नसते.

जिल्हा प्रशासनात असताना परवान्याच्या अनेक फाइली माझ्या टेबलावरून गेल्या. कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असे : आत्मसंरक्षण. पण अर्जदार पाहिले तर ठेकेदार, बांधकाम व्यावसायिक, राजकीय कार्यकर्ते. ज्यांना खरोखर जिवाचे भय असते, म्हणजे सावकाराच्या माणसांना घाबरणारा शेतमजूर किंवा नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेली बाई, ते परवाना शाखेपर्यंत पोहोचतच नाहीत. कायद्याने काढून टाकलेली मालमत्तेची अट व्यवहारात अशी परत येते.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2016 अखेर देशात सुमारे 33.7 लाख शस्त्रपरवाने होते, त्यांपैकी 12.77 लाख एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात सुमारे 84 हजार आणि दिल्लीत सुमारे 38 हजार. शस्त्रधारकांचे म्हणणे असे की, बंदुकीने होणारे बहुसंख्य खून बेकायदा शस्त्रांनी होतात; मग कायदा पाळणाऱ्यालाच जाच कशासाठी? यात तथ्य आहे. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात एका व्यक्तीस एकच शस्त्र ठेवण्याची तरतूद होती; विरोधानंतर तीनऐवजी दोन शस्त्रांवर तडजोड झाली. परंतु दुसरी बाजूही आहे. 1999 मध्ये मुनिरक्यापासून काही किलोमीटरवर, मेहरौलीत, जेसिका लाल हिचा खून झाला. त्या खटल्यातील मुख्य आरोपीकडे पिस्तुलाचा रीतसर परवाना होता.

आणि परवाना देणाऱ्यांचे काय? जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 या काळात अपात्र व्यक्तींना परवाने दिल्याच्या आरोपांची केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली. परवान्यांचा आकडा अडीच लाखांहून अधिक होता आणि 2020 मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांना अटक झाली. आपल्याकडे बीड जिल्ह्यात, डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यावर, बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने चर्चेत आले. त्यांतील अनेक नंतर रद्द झाले. जे नंतर रद्द करता येतात, ते देतानाच का तपासता येत नाहीत?

1878 मध्ये सरकारचा प्रजेवर विश्वास नव्हता. 2012 मध्ये प्रजेचा सरकारवर उरला नव्हता. म्हणून एखाद्या भागातून परवान्यांसाठी अर्ज वाढू लागले, तर त्याकडे केवळ परवाना शाखेचे काम म्हणून पाहू नये. तो त्या भागातील कायदा व सुव्यवस्थेचा, खुद्द नागरिकांनी लिहिलेला अहवाल असतो. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी दर तिमाहीस तो एकत्र बसून वाचावा. प्रत्येक मंजुरीचे कारण नकाराच्या कारणाइतकेच तपशीलवार लिहावे आणि कोणत्या कारणासाठी किती परवाने दिले, ही जिल्हावार आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

मुनिरक्याच्या थांब्यावर आलेल्या त्या बसला शहरात अशा रीतीने प्रवासी घेण्याचा परवाना नव्हता. काचा काळ्या होत्या, आत पडदे होते, आणि तिच्यावर पूर्वी कारवाईही झालेली होती. तरीही ती रस्त्यावर होती. त्या रात्री ज्या परवान्याची तपासणी व्हायला हवी होती, तो बंदुकीचा नव्हता, बसचा होता.