व्यायाम न करणाऱ्या विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठी: फिट इंडिया मोहीम आणि मल्लेश्वरममधील सोयी

तासन्‌तास वर्गात बसणे, पीजीवर परतल्यावर मोबाइल आणि परीक्षा आली की तेवढेही चालणे बंद. अनेक विद्यार्थ्यांचा दिवस असा जातो. खेळाडू नसलेल्या विद्यार्थ्यांनाही कोणत्या सरकारी उपक्रमांचा उपयोग होतो, याची माहिती येथे दिली आहे.

मोहीम काय आहे?
केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१९ रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी, फिट इंडिया मोहीम सुरू केली. तिचे मोबाइल अ‍ॅप मोफत असून त्यात पावलांची नोंद ठेवता येते आणि वयानुसार तंदुरुस्तीच्या चाचण्या करता येतात. या मोहिमेत भाग घेतल्याबद्दल रोख रक्कम मिळत नाही. खेलो इंडियाची शिष्यवृत्ती वेगळी असून ती निवड झालेल्या खेळाडूंसाठीच आहे.

किती हालचाल पुरेशी?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी:
- आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी;
- आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत.

चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग मध्यम समजावा. थोडी थोडी केलेली हालचालही हिशेबात धरली जाते.

सुरुवात कशी करावी?
१. पहिल्या आठवड्यात ५ दिवस रोज १० मिनिटे भरभर चाला.
२. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा. पाचव्या आठवड्यात रोजची ३० मिनिटे, म्हणजे आठवड्याची १५० मिनिटे होतात.
३. परीक्षेच्या काळात पूर्ण बंद न करता दिवसातून दोनदा १० मिनिटे चाला.
४. शक्यतो मैत्रीण किंवा मित्रासोबत जा. ठरलेली सोबत असली की टाळाटाळ कमी होते.

मल्लेश्वरममध्ये कुठे?
- सँकी तलाव: १८८२ मध्ये बांधलेल्या या तलावाभोवती चालण्याचा मार्ग आहे.
- मेट्रो: यशवंतपूरकडून येत असाल तर मंत्री स्क्वेअर संपिगे रोडऐवजी आधीच्या श्रीरामपुरा स्थानकावर उतरून पुढे चालत जा.
- बस: कर्नाटकातील रहिवासी विद्यार्थिनींना शक्ती योजनेत (जून २०२३ पासून) बीएमटीसीच्या साध्या बसने मोफत प्रवास करता येतो. मैदान किंवा उद्यान गाठण्यासाठीही ही सवलत वापरता येते. ओळखपत्र सोबत ठेवा.

खेळाची आवड नसेल तर?
महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) नाव नोंदवा. स्वयंसेवकाने २ वर्षांत २४० तास काम करायचे असते, शिवाय ७ दिवसांचे विशेष शिबिर असते. स्वच्छता, वृक्षारोपण, श्रमदान यांतून शरीराला काम मिळते आणि प्रमाणपत्रही मिळते. चौकशी आपल्या महाविद्यालयाच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे करा.

नेहमीचे प्रश्न

*जिम लावावी लागेल का?*
नाही. जिने चढणे, उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर काढणे यांना खर्च येत नाही.

*दमा, रक्तक्षय किंवा हृदयाचा त्रास असेल तर?*
आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. के. सी. जनरल हे सरकारी रुग्णालय मल्लेश्वरममध्येच आहे. चालताना छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि उपचार घ्या.

*मधे आठवडाभर खंड पडला तर?*
आधीच्या आठवड्याच्या मिनिटांपासून पुन्हा सुरू करा.