कोड लॅबमध्ये चालतो, मग तपासणीत का अडकतो? कंपायलर, एक्स्टेंशन आणि ‘शून्य चुकां’च्या रिपोर्टमागचं कारण

इंजिनिअरिंगच्या किंवा बीसीएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुणालाही विचारा. लॅबमध्ये मस्त चाललेला सी++चा प्रोग्राम ऑनलाइन कोडिंग टेस्टमध्ये पेस्ट केला, ‘रन’ दाबलं, की लाल अक्षरांत उत्तर येतं: कोनिओ.एच नावाची फाइल सापडत नाही. ती ओळ काढली तर सीएलआरएससीआर ओळखीचं नाही. तेही काढलं तर व्हॉइड मेन चालत नाही. लॉजिक बरोबर असूनही मार्क शून्य.

याचं कारण लॅबमध्ये आहे. अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला टर्बो सी++ हा बोरलँड कंपनीचा डॉसच्या जमान्यातला कंपायलर. सी++चं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये, टर्बो सी++ त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे विद्यार्थी ‘सी++’ म्हणून जे शिकतात, त्यात थोडी जुनी सी++ असते आणि थोडी बोरलँडची स्वतःची भर. ऑनलाइन टेस्टच्या मागे बसलेल्या कंपायलरला ही भर माहीतच नसते.

मार्क गेले तर निदान चूक समोर दिसते. पण हाच प्रकार कंपन्यांच्या कोड तपासणाऱ्या टूल्समध्ये घडतो, तेव्हा कधीकधी काहीच दिसत नाही. खरा धोका तिथे आहे.

भाषा एक, बोली अनेक

सी भाषेचं अधिकृत स्टँडर्ड १९८९ मध्ये अमेरिकेत आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मंजूर झालं. पण स्टँडर्ड म्हणजे शेवटी एक दस्तऐवज. तुमचा कोड वाचून मशीनच्या भाषेत बदलतो तो कंपायलर, आणि जवळपास प्रत्येक कंपायलरने स्टँडर्डमध्ये नसलेल्या स्वतःच्या सोयी जोडल्या आहेत. त्यांना म्हणतात लँग्वेज एक्स्टेंशन. पुस्तकातली मराठी एकच, पण मालवणीतले सगळे शब्द नागपुरात कळतीलच असं नाही, तसंच हे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये आणलेला जीसीसी हा या बाबतीत सगळ्यात उदार. फंक्शनच्या पोटात दुसरं फंक्शन लिहा, स्विचच्या एकाच केसमध्ये ‘१ ते ५’ अशी रेंज द्या, जीसीसी चालवून घेतो. गंमत म्हणजे तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर तो स्वतःच्या जीएनयू बोलीतच काम करतो. त्यामुळे आपण एक्स्टेंशन वापरतोय हे अनेकांच्या गावीही नसतं. स्पर्धात्मक कोडिंगमध्ये पहिल्या ओळीला हमखास दिसणारी बिट्स/एसटीडीसी++.एच ही फाइल घ्या. तीही स्टँडर्डचा भाग नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत ती येत नाही.

मग बंदीच का घालत नाहीत?

कारण काही कामं एक्स्टेंशनशिवाय नीट होत नाहीत. इंटेलने १९८० मध्ये आणलेला ८०५१ मायक्रोकंट्रोलर इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना चांगलाच परिचयाचा. त्याच्या एका पिनेवरचा एलईडी लावायचा तर त्या एकाच बिटला नाव द्यावं लागतं. स्टँडर्ड सीमध्ये याची सोय नाही. म्हणून कील कंपनीच्या सी५१ कंपायलरमध्ये ‘एसबिट’ असा खास शब्द आहे. डेटा बाहेरच्या मेमरीत ठेवायचा तर ‘एक्सडेटा’. एखादं फंक्शन इंटरप्टला उत्तर देणार असेल, तर त्याच्यापुढे ‘इंटरप्ट’ हा शब्द आणि त्याचा क्रमांक. हार्डवेअरशी बोलायचं तर हे लागतंच.

टूल कोड ‘वाचतं’ म्हणजे काय

आता मुख्य मुद्दा. कोड न चालवता नुसता वाचून त्यातल्या चुका शोधणाऱ्या टूलला स्टॅटिक अ‍ॅनालायझर म्हणतात. सीपीपीचेक, कोव्हेरिटी ही ओळखीची नावं. कोड वाचण्यासाठी या टूलकडे स्वतःचा वाचक असतो, इंग्रजीत ज्याला पार्सर म्हणतात. हा वाचक आणि तुमचा कंपायलर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात. कंपायलरला ‘एसबिट’ कळतो म्हणून टूललाही कळेल, याची खात्री नाही.

अनोळखी शब्द आला की टूलपुढे दोन रस्ते असतात. एक, तिथेच थांबून तक्रार करायची. दुसरा, तेवढं फंक्शन किंवा ती अख्खी फाइल सोडून पुढे जायचं. दुसरा रस्ता सगळ्यांनाच बरा वाटतो, कारण काम अडत नाही. पण मग रिपोर्टमध्ये त्या फाइलपुढे चुका शून्य दिसतात. चुका नाहीत म्हणून शून्य की वाचलंच नाही म्हणून शून्य, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

कोव्हेरिटी हे टूल अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून जन्माला आलं. ते विकायला बाहेर पडल्यावर काय काय झालं, हे त्याच्या निर्मात्यांनी २०१० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकात लिहिलं. जो कोड वाचता येत नाही, तो तपासताही येत नाही, हा त्यांचा एक मोठा धडा होता. त्यांना असे कंपायलर भेटले, जे एकाच फंक्शनला एकाच नावाचे दोन पॅरामीटर चालवून घेत होते किंवा आकड्याच्या मधोमध अंडरस्कोर घातलेला खपवून घेत होते. स्टँडर्डप्रमाणे तेव्हा हे चूकच होतं. पण ग्राहकाला ते सांगून उपयोग नसे. कंपायलरमध्ये कोड चालतोय ना, मग दोष तुमच्या टूलचाच, असा त्याचा हिशेब. शेवटी टूललाच प्रत्येक कंपायलरच्या लकबी शिकाव्या लागल्या.

सीपीपीचेक त्यामानाने स्पष्टवक्तं आहे. काही ठिकाणी न कळणारा मॅक्रो आला, की ते ‘अननोन मॅक्रो’ अशी तक्रार करतं आणि सेटिंग मागतं. वापरणारे वैतागतात. पण मला विचाराल तर हा वैताग परवडला, खोटं समाधान नको.

शब्द लपवला की अर्थही लपतो

अडचणीवर एक रूढ उपाय आहे. टूल चालवताना ‘एक्सडेटा’ किंवा ‘इंटरप्ट’ हे शब्द मॅक्रो वापरून गायब करायचे. फाइल वाचली जाते, तक्रार थांबते. पण इंटरप्टचं फंक्शन कुठल्याही क्षणी मध्ये घुसून व्हेरिएबल बदलू शकतं, ही माहिती त्या शब्दातच होती. तो गेला की टूलच्या दृष्टीने ते एक साधं फंक्शन उरतं, आणि अशा अवेळी बदलांमुळे होणाऱ्या चुका त्याच्या हातून निसटू शकतात.

शिवाय सगळे शब्द कळले तरी घोळ होऊ शकतो. आर्ड्युइनो उनो बोर्डवर ‘इंट’ दोन बाइटचा असतो, टर्बो सी++मध्येही तसाच. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. २०० गुणिले २०० म्हणजे ४०,०००, इथे गणित फसलं. तुमच्या लॅपटॉपवर मात्र ‘इंट’ सहसा चार बाइटचा. टूलने लॅपटॉपचा हिशेब धरून हा कोड तपासला तर त्याला काहीच खटकणार नाही. सीपीपीचेकमध्ये कुठल्या प्लॅटफॉर्मसाठी तपासायचं ते सांगायची सोय आहे, ती याचसाठी.

लिनक्सने काय केलं

लिनक्सचा कर्नल म्हणजे जीसीसीच्या एक्स्टेंशनचं आगरच. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने तो बांधायचा प्रयत्न सुरू झाला, तेव्हा तडजोड दोन्ही बाजूंनी झाली. स्ट्रक्चरच्या आत बदलत्या लांबीचा अ‍ॅरे ठेवायची जीसीसीची सोय क्लँगने स्वीकारली नाही, म्हणून कर्नलमधला तसा कोडच बदलला गेला. उलट ‘एएसएम गोटू’ ही सोय कर्नलने सोडली नाही, ती २०१९ मध्ये क्लँगच्या नवव्या आवृत्तीत आली. आणि एक मजेदार गोष्ट: आवृत्ती विचारणाऱ्या कोडला क्लँग वर्षानुवर्षं ‘मी जीसीसी ४.२.१’ असं सांगत आलाय. खरं नाव सांगितलं असतं तर बराच जुना कोड त्याच्यासाठी दारच उघडत नव्हता.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये ‘स्पार्स’ हे तपासणी टूल लिहिलं, त्यात तर उलटी युक्ती आहे. युजरकडून आलेल्या पॉइंटरवर कर्नलच्या कोडमध्ये ‘युजर’ अशी खूण असते. स्पार्स वाचतं तेव्हा त्या खुणेला अर्थ असतो, आणि असा पॉइंटर थेट वापरला की ते ओरडतं. साध्या कंपायलरपुढे तीच खूण रिकामी होऊ शकते. म्हणजे इथे टूलसाठीच एक छोटी बोली तयार केली.

तुमच्या हातात काय आहे?

विद्यार्थी असाल तर जीसीसीला भाषेची आवृत्ती स्पष्ट सांगा आणि ‘पेडँटिक एरर्स’ हा पर्याय लावा. मग स्टँडर्डबाहेरच्या बऱ्याच गोष्टी तो तिथल्या तिथे दाखवतो. जमलं तर तोच कोड क्लँगवरही चालवून बघा.

नोकरीत असाल तर एक्स्टेंशनचा वापर एक-दोन हेडर फाइलमध्ये कोंडून ठेवा. गाड्यांच्या सॉफ्टवेअरपासून सुरू झालेल्या मिस्रा सी नियमावलीच्या २०१२च्या आवृत्तीत नियम १.२ एक्स्टेंशन टाळायलाच सांगतो. मात्र तो सल्ल्याच्या स्वरूपात आहे, सक्तीचा नाही, कारण ८०५१सारखी उदाहरणं त्यांनाही ठाऊक आहेत.

आणि पुढच्या वेळी टूलचा रिपोर्ट हिरवा आला की चुकांच्या आकड्याआधी लॉग उघडा. एकूण किती फाइल दिल्या, किती वाचल्या गेल्या आणि कुठल्या पार्स एरर म्हणून सुटल्या, हे बहुतेक टूल्स तिथे लिहून ठेवतात.