अंगठ्याचे तीस टक्के : कामावरच्या अपघाताची भरपाई कशी आली?

पॉवर प्रेसमध्ये अंगठा मुळापासून गेला, तर कायद्याच्या हिशेबाने कामगाराची कमाईची क्षमता किती घटते? ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, करंगळी गेली तर ७. हात डावा की उजवा, याने फरक पडत नाही. दाखला घ्यायला येणाऱ्या बहुतेक रुग्णांना असा काही तक्ता आहे हेच माहीत नसतं. ‘डॉक्टर, काही मिळेल का हो?’ असं ते विचारतात, जणू कुणाकडे तरी मदत मागायची आहे. ही मदत नाही, हा हक्क आहे. तो कसा मिळाला हे समजलं की दाखल्यावरच्या टक्क्यांचा अर्थही समजतो, म्हणून आज थोडा इतिहास.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढची जवळपास सत्तर वर्षं पट्ट्यात हात अडकलेल्या कामगाराला नुकसानभरपाई हवी असेल, तर मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करावा लागे. १८५५ चा एक कायदा होता, पण तो मृताच्या वारसांसाठी, आणि त्यातही चूक सिद्ध करायचीच होती. मालकाच्या बाजूला इंग्रजी कायद्यातली तीन उत्तरं तयार असत : तुझीही चूक होती, तुझ्या सोबत्याची चूक होती, माझी नव्हे, आणि धोका माहीत असून तू कामाला आलास. हात गमावलेल्या माणसाने वकील कुठून आणायचा?

जर्मनीत बिस्मार्कने १८८४ साली अपघात विमा आणला, इंग्लंडने १८९७ मध्ये भरपाईचा कायदा केला. दोन्हींत विचार एकच : चूक कुणाची हे विचारायचंच नाही. यंत्र असेल तिथे अपघात होणार, तो धंद्याचाच खर्च धरायचा. आपल्याकडे हा विचार १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तो काळ ना. म. जोशींचा. गिरणगावात सोशल सर्व्हिस लीगचं काम करणारा हा माणूस तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने उभा होता.

त्या पहिल्या कायद्यातला तक्ता मला डॉक्टर म्हणून फार बोलका वाटतो. जेमतेम चौदा नोंदी. उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचं कुठलंही बोट ५. डावखुऱ्या कामगाराचा विचार तक्ता करणाऱ्यांच्या मनात आला नसावा! १९६२ साली तक्ता बदलला, डाव्या-उजव्याचा भेद गेला आणि अंगठा ३० वर आला. थोड्या दिवसांच्या इजेचं असंच. दहा दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं तरच आधी भरपाई मिळे. पुढे ती अट सात आणि मग तीन दिवसांवर आली.

पण एक मोठी उणीव राहिलीच. पैसे एकरकमी मिळत आणि मालकाच्या खिशातून येत. मालक बुडाला किंवा पळाला की संपलं. रक्कम हाती आलीच तरी कर्जात, लग्नकार्यात जाई आणि हात मात्र जन्माचा गेलेला असे. उपचाराची सोय तर नव्हतीच. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आडारकरांचा अहवाल १९४४ ला आला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. आपण जिला ‘ईएसआय’ म्हणतो ती हीच. इथे कायमच्या अपंगत्वाचे पैसे दर महिन्याला, आयुष्यभर मिळतात. तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो, आणि कामावरच्या इजेसाठी ‘इतके महिने वर्गणी भरलेली हवी’ अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. ईएसआयचं संरक्षण असेल तर जुन्या कायद्याखाली मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. ते नसेल तर जुनी वाट खुली असते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे सामावले आहेत.

आता त्या टक्क्यांकडे. हे टक्के शरीराचे नाहीत, कमाईच्या क्षमतेचे आहेत. ओडिशातल्या एका सिनेमागृहात सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला. मालकाचं म्हणणं, तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये ते मानलं नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसासाठी हे पूर्ण अपंगत्व, असा निकाल दिला. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालात ठरलं. म्हणूनच तपासताना मी रुग्णाला नेमकं काय काम करत होतास हे विचारतो आणि ते लिहून ठेवतो. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

हा फरक किती पैशांचा? जुन्या कायद्याखाली पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक असं सूत्र आहे. तीस वर्षांचा कामगार, १५,००० रुपये पगार, गुणक २०७.९८ : एकूण १८,७१,८२०. अंगठ्याचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये.

आणि एवढी रक्कम एका वाक्याने जाऊ शकते. सुपरवायझर रुग्णाला घेऊन येतो आणि केसपेपरवर ‘घरी पडला’ असं सांगायला लावतो. पुढे सहा महिन्यांनी तो कागदच कामगाराच्या विरोधात उभा राहतो. तेव्हा पहिल्याच तपासणीत कुठे, किती वाजता, कोणत्या यंत्रावर लागलं हे खरं सांगा, कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का ते पाहा आणि केसपेपरची प्रत घरी ठेवा. जुन्या कायद्याखाली दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. जखम भरेपर्यंत आणि फिजिओथेरपी संपेपर्यंत त्यातले बरेच महिने निघून जातात.